पावणी

“वहिनी, ह्यातनं आईचा रागपण डबल दिसतो का गं?”

कौसानं डबलर डोळ्याला लावला होता, आणि तोही उलटा. नुसत्या डबलरमधून काही दिसत नाही, लेन्स आणि कॅमेरा यांच्या मधोमध तो बसवायचा असतो, हे मी तिला दोनदा सांगून दमले होते. मुठीत मावेल एवढं काळं नळकांडं, आत काचा. मध्ये जाऊन बसला की लेन्सचा पल्ला दुप्पट होतो. मिरजेला माझ्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता, त्यांनी हा डबलर मला चार दिवसांसाठी दिला होता. देताना म्हणाले होते, “हा फुकट काही देत नाही हं, रेणू. जवळ आणतो आणि उजेड खातो. आणि लांबच्या दोन वस्तू एकमेकींना चिकटलेल्या दाखवतो. त्याला फसू नकोस.”

“राग डबल कराय भिंग कशाला लागतंय?” आत्या चुलीपुढून म्हणाल्या. “दीस वर आला. वाकळा अजून कोरड्याच हायत. दुपारी पावणं येत्यात, त्यास्नी काय गोणपाट अंथरू?”

सासूबाईंना मी आत्या म्हणे. कृष्णाकाठच्या त्या गावात बहुतेक सुना तसंच म्हणत. घरात आम्ही चौघं. आत्या, मी, माझे यजमान, ते साखर कारखान्यावर कामाला, आणि कौसा, माझी धाकटी नणंद.

येणारे पावणे परके नव्हते. कौसाची थोरली बहीण इंदू त्याच घरात दिली होती. आदल्या श्रावणात मळ्यातल्या विहिरीवर तिचा पाय घसरला आणि ती गेली. मागं रांगतं पोर राहिलं. आता त्याच दाजींसाठी कौसाला मागणं आलं होतं. लेकराला परकी आई नको, मावशी बरी, असं सगळेच म्हणत. आत्याही म्हणत. बघण्याचा प्रश्नच नव्हता, पावणे सुपारी फोडायलाच येणार होते. आत्यांनी चांगली टणक सुपारी आणून देव्हाऱ्यात ठेवली होती. कौसाला कुणी विचारलं नव्हतं, तिनंही कुणाला काही म्हटलं नव्हतं. ती हसत होती. नेहमीपेक्षा जरा जास्तच हसत होती.

मी कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावली तशी ती वाकळांचा ढीग डोक्यावर घेऊन माझ्या मागं निघाली, आणि उंबऱ्यातच तिनं ओवी टाकली.

“वहिनी माझी गं नदीला जाती…”

आमच्या घरात एक रीत होती. एकीनं ओवीची पहिली ओळ टाकली की दुसरीनं ती पुरी करायची. हातातलं काम सोडून, तोंडातला घास गिळून. आत्या म्हणत, अर्धी ओवी तशीच सोडू नये, ती घर धरून बसते. पण त्या दिवशी मला काही सुचेना, तेव्हा कौसानं स्वतःच पुरी केली.

“घागर टाकून भिंग गं नेती.”

आत्याही हसल्या. मग मला हाक मारून म्हणाल्या, “पावणीच्या लई वाटंला जाऊ नगंस. दुपारच्या आत घरी ये.”

पावणी म्हणजे मगर. काठावर तिचं नाव घेत नसत. नाव घेतलं की ती ऐकते आणि येते, म्हणून सगळे पावणी म्हणत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. मग हळूहळू माझ्याही जिभेला तेच वळण पडलं. त्या फाल्गुनात पावणीनं परटाचं कुत्रं नेलं, धनगराची शेळी नेली. बायका घाटाच्या वरच्या पायरीवरनं खाली उतरेनाशा झाल्या. मुलांना भिववायला दुसरं काही लागत नव्हतं.

आत्यांकडं तर तिची एक ओवीच होती. इंदू आणि कौसा लहान असताना त्यांनी खोल पाण्यात जाऊ नये म्हणून आत्यांनी ती रचली होती. पहिली ओळ इंदूनं म्हणायची, दुसरी कौसानं. दोघी मोठ्या झाल्या तरी धुणं आपटताना म्हणायच्या, माझं लग्न झालं त्या वर्षी मीही ऐकली होती. इंदू गेल्यावर मात्र ती ओवी घरात कुणी काढली नाही.

घाटावर आम्ही वेगळ्या झालो. कौसा चिंचेखालच्या पाणवठ्याकडं वळली. वाकळा भिजवायला खोल पाणी लागतं आणि ते तिथंच होतं.

“वरच्याच धोंड्यावर बस,” मी म्हटलं.

“बसते गं. पावणीला माझ्यात काय गोड लागणार हाय? वाळकं लाकूड मी.”

नावाडी रामाण्णांनी मला नावेतनं पलीकडच्या वाळवंटावर सोडलं. आमच्या काठाखालच्या, पाणवठ्यापासून लांबच्या खडकावर पावणी ऊन खायला येई, आणि ती समोरून दिसायची तर पलीकडच्याच काठावरून. नाव वल्हवता वल्हवता अण्णा नदीकडं बघत म्हणाले, “तुमची इंदू भरल्या नदीत हिकडनं तिकडं जायची, ठावं हाय का? पूर असूदे नाहीतर काय असूदे. पोरगी न्हवं, मासळी. आता पोरी घोट्याएवढ्या पाण्यात भित्यात.” मी हं म्हटलं. माझं लक्ष खडकाकडं होतं. पावणी आलेली होती.

अण्णा जाळी बघायला खालच्या अंगाला निघून गेले. वाळूवर मी एकटीच उरले.

स्टँड रोवला. लेन्स लावली, मध्ये डबलर बसवला आणि डोळा लावला. आत सांज झाल्यासारखं दिसत होतं. बाबा म्हणाले होते तसा उजेड अर्ध्याहून जास्त खाल्ला गेला होता. हातानं कडं फिरवत फिरवत मी ती शोधली आणि एकदम ती माझ्या पुढ्यात आली. इतक्या पुढ्यात की मी मान मागं घेतली. पाठीवरचे खवले, तोंडाच्या कडेला बाहेर आलेले दात, अर्धवट मिटलेला पिवळा डोळा. साध्या डोळ्यानं पाहिलं तर खडकावर नुसती एक काळपट रेघ. भिंगातून पाहिलं तर श्वास घेताना तिची कातडी हलत होती.

भीतीला एक गोडी असते, आपण लांब आहोत हे माहीत असलं की. मी फोटो काढत राहिले.

रीळ संपलं. मी पाठ उन्हाला करून, पदराच्या आडोशाला नवं रीळ भरलं. पुन्हा डोळा लावला तर खडक मोकळा होता. ओला डाग तेवढा राहिला होता, तोही वाळत चाललेला.

मी भिंग पाण्यावरून फिरवू लागले. हिरवं पाणी, जलपर्णीचा पुंजका, पुन्हा पाणी. डबलर लावलेल्या लेन्सला नजर अरुंद असते. सुईच्या नेढ्यातून अंगण बघावं तसं. पाणी, पाणी, आणि अचानक कौसा.

ती वरच्या धोंड्यावर नव्हती. मांडीएवढ्या पाण्यात, मला एका बाजूनं दिसेल अशी उभी राहून वाकळ पिळत होती, कपाळावरची बट खांद्यानं मागं सारत होती. तिच्या पाठीमागं, अगदी खांद्याला लागून, पाण्यावर दोन उंचवटे होते. त्यांच्यापुढं थोडं अंतर सोडून आणखी एक.

पहिल्यांदा मी स्वतःला समजावलं. डबलर खोटं बोलतो. दोघी चिकटलेल्या दिसतात, पण मध्ये खूप पाणी असेल. मी डोळा काढून साध्या नजरेनं पाहिलं. कौसा बोटाच्या पेराएवढी. मागं नुसतं चकाकतं पाणी, त्यात काहीच दिसेना. भिंगातून दिसत होतं आणि कळत नव्हतं. भिंगाशिवाय दिसतच नव्हतं. पुन्हा डोळा लावला. उंचवटे मघापेक्षा मोठे झाले होते.

मी ओरडले. काठाचं वळण पडलेली माझी जीभ, ती दुसरं काय ओरडणार?

“कौसाऽऽ! पावणी आलीऽऽ!”

वारा समोरून होता. त्यानं माझ्या शब्दांचे तुकडे केले. कौसापर्यंत काहीतरी पोचलं, कारण तिचे हात थांबले. पण तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मागंही पाहिलं नाही. तिनं मान वर करून चिंचेच्या बाजूला पाहिलं, गावाच्या वाटेकडं. तिला ऐकू आलं होतं ते पावणं.

तेव्हा मला तिचं तोंड दिसलं.

ते तोंड मी त्या आधी कधी पाहिलं नव्हतं. सकाळभर हसणारी पोर ती. डोळे ताणलेले, ओठ आत ओढलेले, मानेच्या शिरा वर आलेल्या. खाटकाच्या दारात नेलेलं कोकरू तसं बघतं. माझं बोट बटणावर आवळलं गेलं. फोटो काढायचा म्हणून नाही, हाताला धरायला दुसरं काही नव्हतं म्हणून. शटर वाजलं.

आणि मग कौसा मागं सरकली. खोल पाण्यात.

आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. पाणवठ्याच्या एका अंगाला मोठा धोंडा होता, ती त्याच्या आड जाऊन गावाच्या वाटेवरून दिसणार नाही अशी बसली. गळ्यापर्यंत पाणी. हातातली वाकळ पाण्यावर पसरलेली. ती लपली होती. आणि लपता लपता दोन उंचवट्यांच्या दिशेनं निम्मं अंतर तिनं स्वतःच तोडलं होतं.

मी पुन्हा ओरडले. तिनं डोकं आणखी खाली घेतलं. मला कळलं की आता मी जी हाक मारीन ती तिला घरी बोलावणारीच वाटणार. जितकी ओरडेन तितकी ती खाली जाणार. भिंगात ती इतकी जवळ होती की हात पुढं केला तर तिचा दंड धरता येईल असं वाटे, आणि मी खरंच एकदा हात पुढं केला. हाताला लेन्सचं थंड लोखंड लागलं.

पाणी हललं. उंचवटे बुडाले.

ते दिसत होते तेव्हा बरं होतं, असं त्या घटकेला वाटलं. रिकामं पाणी त्याहून वाईट.

मला काय सुचलं, कसं सुचलं, आज इतक्या वर्षांनीही सांगता यायचं नाही. ओरडणं वारा तोडतो, पण लांबवलेला सूर तो उचलतो, हे नदीकाठच्या बायकांना न शिकवताच ठाऊक असतं. मी डोळा भिंगालाच ठेवला आणि इंदूची ओळ काढली. माझ्या वाट्याची नसलेली, घरात कुणी न उच्चारलेली.

“हिरव्या गं डोहात लाकूड वाहतंऽऽ…”

आवाज फाटत होता. मी शेवटचा शब्द ताणून धरला, दम संपेपर्यंत.

कौसाचं डोकं वर आलं. ती वाटेकडं बघत नव्हती आता, पाण्याच्या पलीकडं माझ्या दिशेनं बघत होती, पण मला नाही. ती दुसऱ्याच कुणाला तरी शोधत होती. हळूहळू उठून उभी राहिली. अर्धी ओवी सोडायची नसते. मला तिचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण ओठ दिसत होते. लहानपणापासून तिच्या वाट्याला आलेली ओळ तिच्या ओठांवर आली.

लाकडाला डोळं, टकामका…

‘पाहतं’ तिनं म्हटलं नाही. ओठ तिथंच थांबले.

ती वळली. वळताना हातातली वाकळ तिनं तशीच पाण्यावर भिरकावली आणि धोंड्याला हात घातला. हात निसटला. पुन्हा घातला. तिच्या मागचं पाणी एकदम उभं राहिलं आणि त्या उभ्या पाण्यात एक उघडा जबडा होता. त्यानं वाकळ धरली. ओली वाकळ जड असते, माणसाएवढी जड. ती एकदा गरकन फिरली, नक्षीची ठिगळं वर आली, खाली गेली आणि मग सगळंच खाली गेलं. डबलरच्या त्या अंधाऱ्या चौकटीत मी नुसतं पाणी बघत राहिले. कौसा चौकटीत नव्हती. ती कुठं आहे हे बघायला मला भिंग हलवावं लागणार होतं, आणि हात हलत नव्हता.

शेवटी मी डोळाच काढला. पलीकडं चिंचेच्या बुंध्याशी एक लहानसा पिवळा ठिपका होता. तिचं पोलकं पिवळं होतं.

रामाण्णा आरडाओरडा ऐकून नाव घेऊन आले. नदी ओलांडेपर्यंत ते काहीतरी बोलत होते, मी काठीसारखी बसले होते. कौसा चिंचेखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, दातावर दात वाजत होते, दोन्ही तळहात सोललेले. मी माझा पदर तिच्याभोवती गुंडाळला. मग ती म्हणाली,

“वहिनी, पावण्यांची वाकळ पावणीनं नेली.”

आणि ती हसायला लागली. हसता हसता ते कधी रडणं झालं ते कळलं नाही.

दुपारी पावणे आले. दाजी आणि त्यांची आई. कौसाला ताप भरला होता. आत्यांनी चहापाणी केलं, घडल्या गोष्टीची हकिकत सांगितली आणि पोर भ्यालीय, बरी झाली की सांगावा धाडते, मग या, असं म्हणून त्यांना वाटेला लावलं. जाताना दाजी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. “नदीचा नाद सोडायचा आता,” म्हणाले, तसे चांगल्या शब्दांत. कौसानं गोधडी डोक्यावरून घेतली. सुपारी देव्हाऱ्यातच राहिली.

रिळं मिरजेला गेली आणि बाबांनी फोटो धुऊन पाठवले. पावणीचे खडकावरचे फोटो छान आले होते. पाकिटात सगळ्यात शेवटी तो एक होता. अंधारलेला, जरासा हललेला, पण तोंड स्वच्छ. मी तो बाजूला काढला. दोन दिवस ट्रंकेत ठेवला. दाजींकडून सांगावा आला की पोरीला बरं वाटत असेल तर येत्या गुरुवारी येतो, तेव्हा मी तो आत्यांच्या हातात दिला. कौसा मागच्या अंगणात भांडी घासत होती.

आत्या फोटो घेऊन दारातल्या उजेडाला गेल्या. लांब धरला, जवळ धरला.

“आगं आई,” त्या हळूच म्हणाल्या. “एवढी चिकटली हुती व्हय पोरीला?”

“तेवढी जवळ नव्हती. ते भिंग तसं दाखवतं.”

“तोंड बघ की माझ्या लेकीचं. कशी भ्यालीय तिला.”

“आत्या, तिनं ती पाहिलीच नव्हती तेव्हा.”

“म्हंजी?”

“ती पाठीमागं आहे. कौसा बघतीय कुठं ते बघा.”

आत्यांनी पाहिलं. फोटोतल्या नजरेच्या रेषेनं त्यांची नजर कडेपर्यंत गेली, कडेबाहेर गेली, जणू तिथं चिंच होती, वाट होती, आपलं घर होतं.

“मी ओरडले पावणी आली,” मी म्हटलं. “तिला वाटलं, पावणं आलं.”

आत्यांनी अंगठा उचलला आणि फोटोतल्या पावणीवर ठेवला. ती पूर्ण झाकली गेली. आता नुसतं पाणी, आणि त्यात उभी असलेली कौसा. त्या किती तरी वेळ तशाच बघत होत्या. पावणी नाहीशी झाली तरी पोरीचं तोंड तसंच होतं.

मागच्या अंगणातून राखेनं तांब्या घासल्याचा आवाज येत होता.

“रेणू,” आत्या म्हणाल्या. आवाज खालच्या खाली. “माझी इंदू पट्टीची पवणारी.”

“हो, आत्या.”

“भरल्या नदीत ह्या काठाचं त्या काठाला जायची.”

आत्यांनी फोटोवरचा अंगठा काढून घेतला.

“मग विहिरीत कशी बुडंल गं ती?”

श्रावणापासून त्या घरात कुणी हे तोंडातून काढलं नव्हतं. आता ते उंबऱ्यावर पडलं होतं आणि आम्ही दोघी त्याच्याकडं बघत होतो. आत्यांनी फोटो पालथा करून पदराखाली धरला. मग आत गेल्या. देव्हाऱ्यातली सुपारी काढली, कोनाड्यातला अडकित्ता काढला आणि चुलीजवळ बसून दोन्ही हातांनी दाबला. सुपारी टणक होती. त्यांच्या मनगटाच्या शिरा फुगल्या, मग कटकन आवाज झाला.

अर्धी त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकली. अर्धी माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटवली.

“तुझ्या नवऱ्याला म्हणावं, गुरुवारी येऊ नगा असा त्यास्नी निरोप धाड,” त्या म्हणाल्या. “सुपारी फुटली म्हणावं. आमच्या आमच्यातच.”